शेततळ्यातला सराव

लेकीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ती आम्हा दोघांना अंदमानला नेणार होती आणि तिथे समुद्राच्या तळाशी उतरायचा बेत होता. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि बघायला मासे. हे, म्हणजे माझे मालक, फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत नुसते व्हय व्हय म्हणत होते. माझी भाकरी तव्यावर करपली.

मला पाण्याची भीती आहे. माहेरी विहीर होती. भाऊ पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले, मला कोणी शिकवलं नाही. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. एखादा मुद्दाम बुडी मारून वर यायला उशीर करायचा, मला रडवायला. मी रडायचेच. खाली आपला भाऊ आहे आणि वर ते हिरवं पाणी काहीच झालं नसल्यासारखं शांत, हे मला बघवायचं नाही. अजून बघवत नाही.

लेकीने समजावून सांगितलं की पोहता यायची गरज नाही, शिकवणारा माणूस पूर्ण वेळ धरून असतो. मी म्हटलं, धरू दे त्याला तुझ्या बापाला, मी बोटीत बसेन. तिने मासे दाखवायला एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस खाली जातो, बुडबुडे वर येतात, आणि बोटीच्या कडेला एक बाई वाकून बघत असते. मासे मला दिसलेच नाहीत. मी त्या बाईकडेच बघत राहिले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यांना मात्र हुरूप चढला होता. कनेरगाव नाक्यावर चहा प्यायला जाऊन चार लोकांना सांगून आले. पाण्यात घालायचा चष्मा मागवला. घंगाळात तोंड बुडवून श्वास धरायचे आणि मला शेजारी उभं करायचे, मी वैतागून घंगाळ उपडं करेपर्यंत. मग एका दुपारी म्हणाले, चल शेतात, शेततळ्यात सराव करू.

मी यांचे कपडे, घड्याळ आणि मोबाइल मांडीवर घेऊन बांधावर बसले. पंचवीस वर्षांनीही माझं काम तेच. यांनी चष्मा लावला आणि सूर मारला. दोन चकरा झाल्या, बुड्या झाल्या. मधूनच मला चिडवत होते.

"काहून भेऊन राहिली? गुडघ्याइतकी तरी ये."

मी काही गेले नाही. मग ते दमले आणि वर यायला निघाले. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, पाणी जिरू नये म्हणून. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. यांचा पाय घसरला तेव्हा ते हसले. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा मी हसले. तिसऱ्यांदा ते छातीपर्यंत वर आले, बोटांनी कागद ओरबाडला आणि पूर्ण पाण्यात गेले. वर आले तेव्हा चष्मा नव्हता.

"दोरी कुठंय?" यांनी विचारलं.

वर येता यावं म्हणून तळ्यात कायम एक दोरखंड सोडलेला असायचा. आठवडाभरापूर्वी आभाळ आलं, तेव्हा वाळत घातलेल्या हळदीवर ताडपत्री आवळायला यांनी स्वतःच तो सोडून नेला होता.

"हळदीवर," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी ओरडले, पण शेजारच्या शेतात मळणी यंत्र चालू होतं, कोणाला ऐकू जाणार? पंपाजवळ ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं. कपडे, मोबाइल सगळं टाकून मी पळाले. नळीचं एक टोक यांच्याकडे फेकलं, ते भलतीकडेच पडलं. हे पोहत तिथवर गेले, पण एव्हाना त्यांची मान सारखी पाण्याखाली जात होती. दुसरं टोक मी कुंपणाच्या लोखंडी खांबाला गुंडाळलं, जनावराचं दावं बांधतात तसं, आणि मागे रेलून धरून ठेवलं. नळी ताणत गेली. तुटेल असं वाटत होतं. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. हे मनगटाला वेढे देत, पोटावर सरपटत वर आले आणि बांधावर पालथे पडले.

मी आधी तोंडाला येईल ते बोलले, मग रडले. यांच्या मनगटावर नळीचे वळ उठले होते आणि भर उन्हात त्यांचे दात वाजत होते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. समुद्रात किती जण उतरणार, हे त्या लोकांना कळवायचं होतं. यांनी हातानेच नको म्हणून खुणावलं. पण मी या माणसाला ओळखते. पंधरा दिवसांत हे सगळं विसरतील, नाक्यावर पुन्हा गप्पा मारतील आणि तिथे गेल्यावर उतरतीलच. मी पुन्हा वरच बसलेली असेन, पाण्याकडे बघत. ती दुपार मला परत नको होती.

"दोघांचं सांग," मी लेकीला म्हणाले. तिला खरं वाटेना, तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि खाली यांचा हात धरून राहता येईल का, तेवढं विचारून ठेवायला सांगितलं.

फोन ठेवला तरी हे माझ्याकडे बघतच होते.

"तुला तर लई भेव वाटते."

"वाटतेच."

"मंग कपडे कोन सांभाळंल?"

"जाऊ द्या चोरीला," मी म्हणाले.