तौबाखोलीची पत्रं

इद्रीसभाई मुकादम रोज संध्याकाळी ईद साजरी करायचा. कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत तो कॅन्टीनचा आचारी होता आणि फिंतासला समुद्राजवळ त्याने एक मोठी खोली भाड्याने घेतली होती. आम्ही कामावरून परतलो की हा दारात उभा. एकेकाला छातीशी धरून तीनदा गळाभेट: डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नवख्याला वाटावं, केवढी माया. माया होतीच, पण तेवढ्यात त्याचं नाक आमच्या तोंडावरून तीनदा फिरून जायचं.

कारण खोलीत राहायला अट एकच होती. दारू सोडलेली असावी, नाहीतर सोडायची तरी असावी. १९६२ साली आम्ही तिथे पाच जण होतो, सगळे रत्नागिरीकडचे, सगळे कधी ना कधी रस्त्यावरून उचलून आणलेले. बाकीचे कोकणी आमच्या खोलीला तौबाखोली म्हणत आणि हसत. हसणाऱ्यांपैकी दोघे पुढे तिथेच राहायला आले, ते सोडा.

खोलीत कच्चा कांदा बंद होता. वास झाकतो म्हणून. तळलेल्या पापलेटाबरोबर कुणी कांद्याची फोड मागितली, तर इद्रीसभाई असा बघायचा की जणू बाटलीच मागितली. अत्तर फक्त जुम्म्याला, तेही त्याने स्वतःच्या हाताने लावायचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

त्याला लिहितावाचता येत नव्हतं. लिहिणारा मी, फारूक, गोदामातला कारकून. दर महिन्याला मुंबईची बोट सुटायच्या आधी तो प्रत्येकाच्या घरी एक पत्र लिहून घ्यायचा. सलाम-दुवा दोन ओळी, आणि मजकूर एकच: तुमचा माणूस या महिन्यात प्याला की नाही. एवढं रुक्ष पत्र मी गोदामातही कधी लिहिलं नाही.

आमच्यातला मजीद दाभोळचा. ट्रक चालवायचा. त्याची बायको नूरी दोन मुली घेऊन माहेरी जाऊन बसली होती. तिने निरोप धाडला होता, वर्षभर इद्रीसभाईंची चांगली पत्रं आली तर सासरी परत येईन, नाहीतर जमातीपुढे खुला, म्हणजे बायकोने मागायचा तलाक, मागून मोकळी होईन. अकरा पत्रं चांगली गेली. मजीद पोरींसाठी चपला घेऊन आला, मापं अंदाजाने.

बाराव्या महिन्यात एका संध्याकाळी तो लांबूनच सलाम करून आत सरकायला लागला. चोराच्या मनात चांदणं. इद्रीसभाईने त्याला दंडाला धरून जवळ घेतलं. तिन्ही भेटी पुऱ्या केल्या, एकही कमी नाही.

"कवा प्यालास?"

"दुपारी. यकच ग्लास, इद्रीसभाय."

इद्रीसभाईने त्याला चहा दिला, जेवायला वाढलं आणि मला म्हणाला, "फारूक, कागद घे."

मजीद त्याच्या पायांशी बसला. मला ते बघवेना. मी माझी हुशारी पुढे केली. "यका ग्लासापायी बिचारीचा संसार मोडायचा? नाय लिवलं तर ता खोटा होत नाय."

"ह्या तू सांगतंस?" इद्रीसभाई म्हणाला.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. दहा वर्षांपूर्वी इद्रीसभाई स्वतः पिऊन पडलेला असायचा आणि त्याची बायको झुलेखा हिला त्याची पत्रं मीच लिहायचो. तब्येत उत्तम, नमाज चालू आहे, काळजी नसावी. तीन वर्षं लिहिली. माझ्या अक्षराचं गावात कौतुक व्हायचं. मग तो रजेवर गेला आणि धक्क्यावर झुलेखाला दिसला तो स्वतःची ट्रंकही न उचलणारा, हात थरथरणारा माणूस. महिन्याभरात तिने खुला घेतला. आधी कळलं असतं तर काहीतरी केलं असतं, एवढंच ती म्हणाली. इद्रीसभाईने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

मी लिहिलं. 'या महिन्यात मजीद एक दिवस प्याला. बाकीचे दिवस नाही. आज रडतो आहे.' पत्र टाकायला इद्रीसभाईने मजीदलाच पाठवलं. मला वाटलं, वाटेत फाडून टाकील. त्याने फाडलं नाही.

मग दोन महिन्यांत मजीद अर्धा झाला. इद्रीसभाई त्याच्या ताटात माशाची डोकी वाढायचा आणि म्हणायचा, बायको आली नाही तर निदान अंगावर मांस तरी येऊ दे. प्यायला मात्र तो परत गेला नाही.

नूरीचं उत्तर आलं ते मीच मोठ्याने वाचलं. चौथी शिकलेली बाई, सरळ लिहिलं होतं. 'तुमच्या अकरा पत्रांवर माझा विश्वास बसला नव्हता. कुवेतहून सगळ्यांच्या घरी चांगलीच पत्रं येतात. बारावं वाचलं आणि कळलं की हा माणूस खरं लिहितो. म्हणजे आधीची अकराही खरी. मी पोरींना घेऊन दाभोळला आले आहे.'

मजीद तोंड फिरवून बाहेर गेला. बाकीचे त्याच्या मागे धावले. खोलीत मी आणि इद्रीसभाई राहिलो.

"ता परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी मधेच कागद खाली ठेवला. "इद्रीसभाय, झुलेखाभाबीला मी ती पत्रं लिवाया नको होती," मी म्हणालो. दहा वर्षं लागली मला एवढं बोलायला.

तो रश्शात पळी फिरवत होता.

"लिव म्हणून सांगणारा मीच होतो," तो म्हणाला. "पण तू शुद्धीत होतास, फारूक. तू नाय म्हणायला पायजे होतास."