वारा कुणी झेलला?

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मोजणी खात्यात नोकरी आहे माझी. ‘साहेब, त्या बांधावरच्या दगडाला टेप लावू नका, तिथं काहीतरी हाय,’ असं सांगणारा शेतकरी महिन्याला एक तरी भेटतो, आणि मी नेमका तिथेच टेप लावतो. आजवर साधी शिंकसुद्धा आलेली नाही. तेव्हा पुढचं वाचून ‘साहेबांना चढली असेल’ म्हणू नका. सकाळचे साडेसात वाजले होते आणि पोटात फक्त चहा होता.

पोस्टिंग बीडला, बायको-मुलगी लातूरला. बायको तिथे शिक्षिका आहे, त्यामुळे बदलीचा विषय आम्ही दोघांनीही सोडून दिलाय. इथल्या एकट्या खोलीत रविवार कसा घालवायचा, म्हणून चाळिशीत रोड बाइक घेतली. सुरुवातीला पाच जणांचा ग्रुप होता. गळत गळत मी आणि मोईन उरलो.

मोईन गाड्यांचा मेकॅनिक. वय तिशीच्या आत, अंगावर मांस नाही, आणि जुन्या लोखंडी फ्रेमला भंगारातले पार्ट लावून स्वतः उभी केलेली सायकल. आमचा रविवार ठरलेला... बीडहून वडवणी, तिथे चहा, आणि परत. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस कमी आणि वारा जास्त. जाताना तो पाठीवर, येताना थेट तोंडावर. जाताना माझा स्पीड चांगला लागला की मी खुश व्हायचो, आणि मोईन म्हणायचा, “कावून उगं हरकताव साहेब? वारा पाठीवर असला तर हापिसातली खुर्ची बी पळती. येतानाचा टाइम सांगा.”

म्हणून आम्ही येतानाचाच टप्पा धरला. वडवणीच्या बसस्थानकाच्या गेटपासून बीडच्या दिशेने वीस किलोमीटर, शेवट रस्त्याकडेच्या एका पेट्रोल पंपापाशी.

ज्यांना सायकलिंग माहीत नाही त्यांच्यासाठी — पुढचा वारा फोडतो, मागचा त्याच्या चाकाला चिकटून आडोशाने जातो. मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. म्हणून पाळी लावायची असते. आमची पाळी एकेका किलोमीटरची. मोईन किलोमीटर पुरा करायचा. मी दोन-तीनशे मीटर झाले की ‘चेन घासतेय’ म्हणत मागे यायचो. खोटं कशाला बोलू, चेन कधीच घासत नव्हती.

गेल्या वर्षी तर मी कमालच केली. अख्खे वीस किलोमीटर त्याच्या मागे लपून आलो, आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाजूने काढून पुढे गेलो. अडतीस मिनिटं चाळीस सेकंद! एकट्याने कधी त्रेचाळीसच्या खाली आलो नव्हतो. लगेच ग्रुपवर टाकलं — ‘सोलो पर्सनल बेस्ट’. मोईनचा मेसेज आला, “लई भारी साहेब. पण वारा कुणी झेलला, ते बी लिवा की.”

मी उत्तर दिलं, “जळू नको बे.”

त्यानंतर दोन महिने तो आला नाही आणि मीही बोलावलं नाही. मग कळलं, त्याला कावीळ झालीय, ॲडमिट आहे. रविवारी भेटून येऊ म्हणालो. शुक्रवारीच तो गेला.

यंदा जुलैत मी ठरवलं, ती वेळ एकट्याने मोडायची. प्रामाणिकपणे. नाहीतर तो रेकॉर्ड कायमचा चोरीचा राहणार होता.

वडवणीहून निघालो. वारा असा, की देवळावरचा झेंडा ताठ माझ्याकडे वळलेला. पहिला किलोमीटर तोंड उघडं टाकून, छाती फुटेस्तोवर मारला. आणि अचानक... कानातला घोंगाट थांबला. वारा पडला म्हणावं, तर कडेच्या बाभळी तशाच वाकलेल्या. माझ्यापुढे मात्र काही नाही. ट्रक नाही, टेम्पो नाही, रिकामा रस्ता. नाकावरचा घाम मागे उडायचा, तो आता सरळ खाली सायकलवर टपटप पडत होता. पायातलं ओझं निम्मं झालं.

किलोमीटरभराने वारा पुन्हा थाडकन तोंडावर आला. मग किलोमीटरभर झेलल्यावर पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पाळी होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली. मग मी माझी पाळी केली. प्रत्येक वेळी पुरा किलोमीटर. पाय पेटले, डोळ्यांपुढे ठिपके आले, तरी मागे हटलो नाही. शेवटचा किलोमीटर त्याचा होता. पंप दिसला. आडोशातून बाहेर पडून जोर लावायचं त्राण पायांत होतं. मी नाही लावला. त्याच्या मागेच पंप गाठला.

छत्तीस मिनिटं पाच सेकंद. पंपावर मी मागेपुढे खूप वेळ बघत राहिलो.

घड्याळ बिघडलं असेल म्हणाल, तर फोनमध्येही तीच वेळ आहे. हृदयाच्या ठोक्यांचा ग्राफ माझ्याकडे आहे... एक किलोमीटर एकशे बहात्तर, पुढचा एकशे अठ्ठेचाळीस, पायऱ्या कापाव्यात तसा, शेवटपर्यंत. एकट्या माणसाचा ग्राफ असा येत नाही.

तो घेऊन मी मोईनच्या गॅरेजवर गेलो. आता त्याचे मोठे भाऊ रफिकभाई बसतात. सगळं सांगितलं, मी केलेली लबाडीसुद्धा. ते हात पुसत ऐकत होते.

“साहेब, ते आकडं मला कळत न्हाईत,” ते म्हणाले. “पर घरी तो सांगायचा. साहेबाला दम लागतो, कबूल करत न्हाईत. येकटा माणूस हाय, दमून यायचं बंद झालं तर कुठं जाईल? म्हून मीच पुढं ऱ्हातो म्हनायचा.”

इतके दिवस मी समजत होतो की मी त्याला फसवतोय. तिथल्या स्टुलावर बसून मी रडलो.

ती राइड मी कुठेही टाकली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तोच रस्ता, तोच वारा, तीच वेळ धरून गेलो. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, एकदा पंचेचाळीस. वीसच्या वीस किलोमीटर वारा तोंडावर. मध्येच मी मोठ्याने म्हणतो, “मोईन, माझा किलोमीटर झाला रे...” शेतातली माणसं मान वर करून बघतात.

तुमच्यापैकी कुणाला हे काय होतं ते समजावता आलं, तर जरूर लिहा, हवं ते मोजमाप देतो. पण तो परत कधी येईल, हे कुणाला ठाऊक असेल, तर आधी ते सांगा.