न कापलेला तास

कायद्याच्या कॉलेजात त्यांना सगळे तळटीपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निकालपत्र वाचताना पोरं तळटीप गाळून पुढे पळतात आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खातं, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. जुना निकाल शोधायचा आणि तो अजून टिकून आहे की वरच्या न्यायालयाने फिरवलाय ते पाहायचं, हा त्यांचा विषय.

पुढे जाडजूड खंड गेले, निकाल संगणकावर आले आणि विषयही ऑनलाइन गेला. बाई हटल्या नाहीत. शोध कसा घ्यायचा याचे व्हिडिओ त्या घरी रेकॉर्ड करायच्या आणि मग चुका, खोकला, सासूबाईंच्या हाका, सगळं कापून टाकायच्या. उरायचं ते अगदी गुळगुळीत: शब्द टाकला की निकाल हजर. पोरं ते बघायची आणि गृहपाठात पहिला दिसेल तो निकाल चिकटवून मोकळी व्हायची. पालथ्या घड्यावर पाणी. प्राचार्यांनी सरळच सांगितलं, "या खेपेलाही असंच झालं, तर पुढच्या वर्षी विषय बंद करावा लागेल." बाईंना ते फार लागलं. आपल्यालाच शिकवता येत नाही की काय, अशी भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली.

शेवटचा व्हिडिओ भाड्याच्या घराच्या गळक्या छपरावर होता: दुरुस्ती कुणी करायची? तो त्यांनी घाईत चढवला. सकाळी पाहतात तो काय, कापलेला राहिला बाजूला आणि चढला तो अख्खा.

त्यात सगळंच होतं. 'छप्पर गळती' टाकल्यावर विम्याचे खटले आले. 'भाडेकरू' जोडल्यावर घर खाली करण्याची भांडणं. शेवटी हवा तसा निकाल सापडला, बाई हरखल्या आणि खालची टीप न वाचताच पुढे निघाल्या. चक्क तळटीपबाई! मग कळलं, तो निकाल कधीच फिरवला गेलाय.

"अगं बये, आधी खाली बघ ना," त्या स्वतःलाच म्हणाल्या.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "कुणाशी भांडतेयस गं?"

"न्यायाधीशांशी."

"जिंकलीस तर तू चहा टाक. हरलीस तर मी टाकते."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हिडिओ काढायला गेल्या, तर बहुतेक वर्गाने तो पाहिलेला. खाली एकीने लिहिलं होतं, 'बाई, हा काढू नका. तुम्हालाही पहिल्या फटक्यात सापडत नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. वाटायचं, आमचंच डोकं चालत नाही.'

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिडिओ तसाच राहिला आणि गृहपाठाचा नियम बदलला: निकालासोबत शोधाचं रेकॉर्डिंगही द्यायचं, न कापता.

गृहपाठ आले तेव्हा प्राचार्य शेजारी येऊन बसले. बाईंनी एका अबोल मुलीचं रेकॉर्डिंग लावलं. आजवर ती नुसतं चिकटवत आलेली. दोनदा ती भलतीकडेच गेली. मग छानसा निकाल सापडला, तो उचलायला गेली आणि थांबली.

"अगं बये, आधी खाली बघ ना," मुलगी पुटपुटली. खाली पाहिलं, तर निकाल फिरवलेला. तिने सुस्कारा टाकला आणि पुन्हा शोधायला लागली.

तिच्या घरातून कुणीतरी विचारलं, "कुणाशी बोलतेयस?"

"बाईंशी," ती म्हणाली.

प्राचार्य पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाचं काहीतरी विचारत होते. बाईंचं लक्षच नव्हतं. रेकॉर्डिंग मागे नेऊन त्या तेवढंच पुन्हा ऐकत होत्या.