गाडी पाय उचलत नाही

किस्से सांगितले की कमी होतात, नाही सांगितले की साचतात. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मी बरीच वर्षं माळी होतो. तवा चहाच्या टायमाले रोज दोन-चार किस्से खर्च होऊन जायचे. आता घरी मी एकटा. चहा होते, पण ऐकाले कोणी नाही. मंग लई साचले. त्यातले हे नामदेवाच्या गाडीचे.

*

गाडी म्हणजे गवत कापायची. वर बसून चालवायची, लहानशा ट्रॅक्टरसारखी. आमच्या मॅनेजर साहेबांनी अकोल्याहून आणली आणि नामदेवाले तिच्यावर बसवलं. नामदेव कौंडण्यपूरकडचा. बायको वारलेली, शेत पडीक, बैलजोडी विकून कारखान्यात आलेला. त्या सालांत आमच्याकडे असे लई जण आले.

गाडीची खोड अशी, की सीटवरून माणूस उठला की इंजिन बंद. माणसाले इजा नको म्हणून तशीच बनवली होती. आता आमचा नामदेव कसा, साहेब दिसले की खाली उतरून, चप्पल काढून, हात जोडणार! साहेब जितक्या वेळा फिरतील तितक्या वेळा गाडी बंद.

एक दिवस साहेब वैतागले. "नामदेव, ही सारखी बंद का पडते?"

नामदेव हात जोडूनच होता. "तुमाले पाहून, साहेब!"

*

डबा खायले आम्ही सारे कडुनिंबाखाली बसायचो. नामदेव मात्र शेडमध्ये, गाडीजवळ. मी एकदा बोलवाले गेलो. म्हटलं, "काहून रे, आमच्यात येऊन बस ना. एकटा काय बसते इथं?"

"मी कुठं एकटा हाय, बाबा?" तो गाडीकडे पाहून म्हणाला. "मी तिकडं आलो तर ही एकटी राहीन."

मी माझा डबा तिथंच उघडला. काय करता!

*

पोळ्याची सुट्टी संपली आणि दुसऱ्या दिवशी गाडी अडली. इंजिन चालू, खालचं पातं गरगर फिरते, पण गाडी जागची हलत नाही. नामदेवानं दांडा पुढं केला, मागं केला, मानेवर थोपटल्यासारखं बॉनेटवर थोपटलं. काही नाही.

साहेब आले. "पेट्रोल संपलं असेल."

"मी उतरलो म्हणून इंजिन बंद, साहेब; आत्ता बोलत होतं ना. पाय उचलत नाही फक्त."

साहेबांचा आवाज चढला. "परवा मालक येतात. तोवर चालली नाही तर गाडी अकोल्याला परत, आणि तू आत लूमवर. समजलं?"

नामदेव मान खाली घालून उभा. मले वाटलं, हातापाया पडते आता. तो हळूच म्हणाला, "साहेब, टेम्पो येईन त्या दिवशी मले सुट्टी द्याल का?"

"सुट्टी कशाला?"

"मागच्या खेपेले जोडी टेम्पोत चढवली, तवा म्या पाह्यलं. आता नाही पाहत."

साहेब आल्या पावली फिरले. पण परतवाड्याच्या सलीमभाईले त्यांनीच फोन लावला.

*

सलीमभाई म्हणजे ट्रॅक्टरचे मिस्त्री. आल्या आल्या विचारलं, "ब्रेक?"

"काढला," नामदेव म्हणाला.

"पीछे का दांडा?" तो दांडा बाहेर ओढला की गाडी हातानं ढकलता येते, पण मंग इंजिनाचा जोर चाकाले जात नाही. पाह्यलं तर तो जागेवरच होता.

मंग नामदेवाले सीटवर बसवून त्यांनी जॅकनं मागची चाकं उचलली. आणि काय सांगू, चाकं भन्नाट फिरायले लागली! नामदेवाचं तोंड फुललं. जॅक काढला, चाकं जमिनीले टेकली की पुन्हा ठप्प.

सलीमभाईंनी कपाळाचा घाम पुसला. "हवेत लई पळते, जमिनीवर आलं की बसते. सेम टू सेम माह्या जावयासारखं!"

*

जोर पडला की चाकं ओढणारा पट्टा घसरून राह्यला, हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं. गाडीखाली झोपून त्यांनी पट्टा काढला. काळा पट्टा पिवळाजर्द! त्यांनी हुंगून पाह्यला. "ये तो घी है रे! और हल्दी!"

नामदेव मंग म्हणाला, "पोळ्याच्या आदल्या सांजेले खांदशेकणी होती ना, भाऊ. वर्षभर ओढून ओढून जनावराचा खांदा सोलते. तूप-हळद चोळा लागते."

तितक्यात साहेब आले. "काय निघालं?"

मी नामदेवाकडे पाह्यलं. त्यानं चप्पल काढून हात जोडले होते.

"ग्रीस गळलं, साहेब," सलीमभाई म्हणाले.

"पिवळं?"

"नया माल है."

साहेबांनी पट्टा नाकाशी नेला. मंग मिस्त्रीच्या हाती देऊन म्हणाले, "असलं ग्रीस पुन्हा वापरू नका," आणि निघून गेले.

पट्टा साबणाच्या पाण्यानं धुतला, वाळवला, चढवला. नामदेव बसला, दांडा पुढं केला आणि गाडी झपझप चालाले लागली. लॉनले एक फेरा मारून तो परत आला.

सलीमभाई हत्यारं आवरत होते. "नामदेव, अगले साल लावाचंच असंन तर बॉनेटले लाव. पट्ट्याले नको."

नामदेवानं लई विचार केला.

"पण भाऊ," तो म्हणाला, "बॉनेट कुठं काय ओढते?"