सर्जेरावांच्या बंदुकीची माशी

सर्जेरावांना दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं. हे घरात, गल्लीत, बँकेत सगळ्यांना ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते एकट्या सर्जेरावांना. बँकेच्या दारात पंपाची बाराबोर बंदूक घेऊन उभा राहणारा गडी चष्म्यात कसा दिसेल? चष्मा लागला की गार्ड पुरवणारी एजन्सी बंदूक खाली ठेवायला लावते आणि शिट्टी देऊन पार्किंगमध्ये उभं करते, असा नियम त्यांनी स्वतःच करून टाकला होता. बावीस वर्षं ज्या दारात मिशी पिळली, ते दार सुटायच्या धास्तीनं ते डोळ्यांच्या डॉक्टरांच्या गल्लीतूनसुद्धा जात नसत.

एजन्सीच्या सालाबादच्या नेमबाजीत गेल्या वर्षी त्यांची पाचातली तीन काडतुसं वाया गेली. खापर त्यांनी माशीवर फोडलं. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा पितळी मणी. नेम धरताना नजर तिथं टेकवायची. "झिजलीय ती," ते म्हणाले. बघून बघून पितळ झिजल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही, पण बंदूकवाल्याशी वाद कोण घालणार?

यंदाची नेमबाजी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. सर्जेरावांनी आठवडाभर आधीच शहागंजातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात जाऊन हिरवी चमकदार माशी बसवून घेतली. म्हाताऱ्या उस्तादानं पेच आवळला आणि हळूच विचारलं, "मक्खी तो बदल दिया मियाँ, आँख का क्या करते?"

सर्जेरावांना तेवढं ऐकू आलं नाही.

माशी मात्र फक्कड होती. उन्हात धरली की हिरवीगार पेटायची. सर्जेरावांनी ती गल्लीभर मिरवली. खंडेनवमीला बायकोनं, द्वारकाबाईंनी, रिकामी बंदूक पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि बजावलं, "दसरा होईस्तोवर हात लावायचा नाय." पूजेतलं हत्यार उचलू नये, हे सर्जेरावांनाही पटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चितेगावच्या पुढच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, त्यांचा नंबर आला. त्यांनी बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला, डावा डोळा मिटला. हिरवं काहीच दिसेना. डोळा चोळला, पुन्हा पाहिलं. नळी होती, पुढं नुसता धुरकट अंधार. आपले डोळे कायमचे गेले, अशी त्यांची खात्रीच पटली.

पंधरा-वीस गार्ड मागं उभे होते. सर्जेरावांनी बंदूक खाली घेतली. "सुभेदारसाहेब, मला दिसत नाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. लपवत व्हतो."

कोणी हसलं नाही. नेमबाजी घेणाऱ्या निवृत्त सुभेदारांनी बंदूक हातात घेऊन टोकावर रुमाल फिरवला. रुमालाला काजळ लागलं. तुपात कालवलेलं, चांगलं बोटभर जाड. खालून हिरवी माशी लखलखली.

"घरी कोणी तीट लावली का काय हिला? माशी बरी हाय तुमची," सुभेदार म्हणाले. "आन् चष्म्याला कोणी नको म्हटलं? मी सोता लावतो. पंधरा दिवसांनी चष्मा घालून या, मग बघू नेम."

सर्जेराव तरातरा घरी आले. चारचौघांत फजिती झाल्याचा राग होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच छाती मोकळी वाटत होती, त्याचाही राग होता. द्वारकाबाई भाकरी थापत होत्या.

"माशीला काजळ कशापाई लावलंस?" सर्जेरावांनी दारातूनच विचारलं.

"समदी गल्ली बघून गेली तिला. दृष्ट नाय लागायची?" बाईंनी भाकरी उलटली. "हातपाय धुवा. उद्या धा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय."

"उद्या? नंबर कवा लावलास?"

"खंडेनवमीला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पूजा झाल्याबरुबर."