अरबाबाच्या मळ्यातलं काळवीट

सासरे बहरैनला आले आणि रिफा गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये लवकरच कंटाळले. खाली उतरावं तर रस्त्यावर गाड्यांशिवाय कोणी नाही. मग ते शिकारीच्या गोष्टी सांगत बसत. रत्नागिरीकडचं रान, अंगावर आलेला डुक्कर आणि शेवटी त्यांचा एकच बार. डुक्कर दर खेपेला थोडा मोठा होई. नवरा मन लावून ऐके. वडिलांविषयी फुशारकी मारावी असं त्याच्याकडे एवढंच होतं, म्हणून त्याने ते ऑफिसातही सांगून टाकलं.

त्याचा अरबाब, म्हणजे मालक, हौशी माणूस. मळ्यावर त्याने परदेशी हरणं पाळली होती. त्यातलं एक काळवीट कुंपण ओलांडून पळालं. आमच्याकडचंच जनावर, पण इथे आमच्यासारखंच तेही परदेशी. ते वेड्या बाभळीच्या जाळीत शिरून बसलं. जाळी इतकी दाट की गुरांच्या डॉक्टरला बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक मारायला जनावर दिसेना. शुक्रवारी सकाळी अरबाबाचा फोन आला, तुझे वडील शिकारी आहेत ना, त्यांना घेऊन ये.

सासऱ्यांना घेऊन आम्ही निघालो. झाकली मूठ आता उघडणार होती, तीही मुलाच्या मालकासमोर. मला त्यांची कीव आली आणि थोडी मजाही वाटली.

मळ्यावर अरबाबाने चहा पाजला आणि अदबीने ती इंजेक्शनची बंदूक पुढे केली. सासऱ्यांनी हात मागे घेतले.

"बंदूक मी कधी धरली नाय," ते मुलाला म्हणाले. "मी हाक्याला असायचो. आरडाओरडा करून जनावर उठवायचं, तेवढंच माझं काम. सांग त्याला."

नवऱ्याने हिंदीत सांगितलं. अरबाबाने शांतपणे बंदूक डॉक्टरकडे दिली. सासऱ्यांनी जाळीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं. देव कोणता ते ठाऊक नसल्यामुळे "इथला जो कोण राखणदार असशील" असं मोघम म्हणाले. मग चहाचा ट्रे उचलला आणि तो बडवत, आरोळ्या ठोकत काट्यांत घुसले. घरात टीव्हीचा आवाज कमी कर म्हणायलाही संकोचणारा हा माणूस. मला त्यांचा भयंकर अभिमान वाटला. काळवीट सरळ मोकळ्यावर आलं, डॉक्टरचा नेम लागला आणि ते झोपी गेलं. काम खलास.

परतताना त्यांचे हात ओरबाडलेले होते. ते मुलाला म्हणाले, "तुला इतकी वर्षं फसवलं मी."

"ज्याचा बार लागतो त्याच्या घरी जनावराची मुंडी जाते," नवरा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "आपल्या घरी कधी आली, बाबा? मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे."

"मग ऑफिसात कशाला सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलेलं मी खोटं कसं पाडू?"