फॉर्मवरचा नावाचा रकाना

नावं लिहू नका असं मी तीनदा सांगितलं होतं. तरी चहाच्या सुट्टीत गोळा केलेल्या बावीस फॉर्मपैकी एकोणिसांवर एकच नाव होतं. शिवण्णा.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला हा एक इंजिनिअरिंग कारखाना. तिथल्या सुपरवायझर लोकांना मी ट्रेनिंग देत होते. कामाच्या जागी हल्ला, मारामारी होण्याआधी ती ओळखायची कशी आणि टाळायची कशी, हा विषय. पर्सोनेल खात्यात जन्म काढून मी निवृत्त झाले, जे. पी. नगरच्या घरात स्वस्थ बसवत नाही म्हणून हे उद्योग. माझ्या छापील फॉर्मवर धोक्याच्या खुणा असतात: आवाज चढवणं, धमक्या देणं, न सांगता गैरहजर राहणं वगैरे. सरावापुरता एखादा माणूस डोळ्यांसमोर आणून टिक करायचं. आणि माझी हुशारी अशी, की सगळ्यात वर ‘नाव’ असा रकाना मीच ठेवला होता.

शिवण्णा वेल्डर. अख्ख्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात मोठा घसा त्याचा. कँटीनच्या सांबारापासून नळाच्या पाण्यापर्यंत कशावरही भांडायचा. कारखान्याचे मालक मूळचे पुण्याचे. त्यांनी गठ्ठा चाळला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“मॅडम, नाइन्टीन लोक म्हणतायत. आजच टर्मिनेशन लेटर देतो.”

“अहो, हा फक्त सराव आहे.”

“पण डेटा तुमचाच आहे ना?”

माझ्या कागदावर एका माणसाची नोकरी जाणार होती. मालक ऑफिसात निघून गेले. मी त्यांच्या मागे जाणार, तेवढ्यात लेथ सेक्शनचा सुपरवायझर चौगुले कप घेऊन जवळ आला. निपाणीकडचा, मधल्या वयाचा, एरवी बोलका माणूस.

“मॅडम, औजारं वाटून टाकल्याचं कलम न्हाई का ह्यात?”

“कोणी वाटली?”

“मंजुनाथ. आमचा टर्नर. काल बॉक्सच मोकळा केला बघा त्यानं. टूल बिटं एकाला, कॅलिपर दुसऱ्याला. मायक्रोमीटर शिवण्णाला दिला.”

मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक मोजणारं उपकरण. जुना टर्नर तो स्वतःचा बाळगतो, कुलपात ठेवतो, सख्ख्या भावालाही उसना देत नाही. आयुधपूजेला पहिलं कुंकू त्याला लागतं.

“नोकरी सोडतोय का तो?”

“काय की. माझ्याशी गेल्या आठवड्यापास्नं एक शब्द न्हाई.”

“गेल्या आठवड्यात काय झालं?”

चौगुलेनं कप खिडकीत ठेवला. “त्यानं लेथवर बनवलेला जॉब मी सगळ्यांम्होरं स्क्रॅपच्या डब्यात फेकला. वर म्हटलं, म्हातारा झालास, घरी बस. नंतर मोजून बघितला. जॉब बरोबर हुता.”

“हे त्याला सांगितलंत?”

“कुठल्या तोंडानं सांगणार, मॅडम?”

जिवापाड जपलेल्या वस्तू वाटणारा माणूस कधीकधी मनाशी काही ठरवून बसलेला असतो. स्वतःचं बरंवाईट, नाहीतर दुसऱ्याचं. मला हे माहीत होतं. फॉर्मवर मात्र मी ते घातलं नव्हतं.

आम्ही वरच्या मजल्यावर होतो. खिडकीखाली शॉपमध्ये ग्राइंडर चालू होता. चौगुलेनं एकदम तिकडे कान दिला.

“टूलला धार अशी लावत न्हाईत. टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं. हे सलग चाललंय. काहीतरी लांब हाय.”

आम्ही खाली पाहिलं. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा मंजुनाथ पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं, जुनं पातं घासत होता. हातभर पातं. पुढे सुऱ्याचं टोक, मागे मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या.

असं पातं मी आजवर फक्त स्लाइडवर दाखवलं होतं. चौगुले जिन्याकडे धावला तसा मी त्याचा दंड धरला. “तुम्ही नाही. ज्याच्यावर राग आहे त्यानं समोर जायचं नसतं.” मालकांना बोलावून सांगितलं, “शॉप रिकामं करा. पोलिसांना फोन लावा. आणि शिवण्णाला वर पाठवा, मंजुनाथ त्याच्याशी काय बोलला ते कळू दे.”

“शिवण्णा? त्याचं लेटर प्रिंट होतंय!”

शिवण्णा आला. मी काही विचारण्याआधीच त्यानं खिडकीतून पाहिलं, खिसा चाचपला आणि खाली गेला. मी “थांबा” म्हणाले ते जिन्यानंच ऐकलं असेल.

खाली जाऊन त्यानं आधी भिंतीवरचा स्विच बंद केला. ग्राइंडर थांबला. मग चार हात लांब उभं राहून खिशातला मायक्रोमीटर पुढे धरला. “मंजण्णा,” तो कन्नडमध्ये म्हणाला, कधी नव्हे ते हळू आवाजात, “याचा झिरो सरकलाय, माप चुकतंय. जरा सेट करून दे. मला जमत नाही.”

मंजुनाथनं मायक्रोमीटरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. पातं हातातच.

ग्राइंडरच्या भुकटीनं माखलेल्या हातानं टर्नर मायक्रोमीटरला शिवत नाही. मंजुनाथनं पातं खाली ठेवलं. कॉटन वेस्टचा बोळा घेऊन हात पुसले, एकेक बोट. मग मायक्रोमीटर दोन्ही हातांनी घेतला. शिवण्णानं पातं पायानं मागे सारलं. झिरो बघता बघता मंजुनाथ रडू लागला.

पोलीस आले, जबाब झाले. मुलगा येऊन मंजुनाथला घरी घेऊन गेला. डॉक्टर, औषधं, दोन महिने रजा, मग दुसऱ्या सेक्शनला बदली. तो परतला त्या दिवशी चौगुलेनं त्याच सगळ्यांसमोर सांगितलं की जॉब बरोबर होता, चूक माझी. शिवण्णाचं लेटर मात्र मी पोलीस जायच्या आतच प्रिंटरमधून उचलून फाडलं होतं. तेव्हा मालकांनी विचारलं, “मग तुमच्या फॉर्मचा उपयोग काय, मॅडम?” मी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घातला.

आता फॉर्मवर नावाचा रकाना नाही. आवाज चढवणं सगळ्यात खाली गेलंय. पहिला प्रश्न असा आहे: या आठवड्यात तुमच्या हाताखालच्या कोणाशी तुमचं एकही वाक्य झालेलं नाही?

सहा महिन्यांनी पुन्हा त्याच कारखान्यात गेले. चौगुलेनं त्या पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं: “कोणी नाही. मंजुनाथ आता माझ्याकडे नाही. मी रोज जाऊन विचारतो, जेवलास का. तो हो म्हणतो, बाकी काही बोलत नाही.”